साथीच्या तयारीसाठी स्टाफला आभासी सिम्युलेशनवर शिकवायचं म्हणतायत. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

शिकवणारी_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी एका मोठ्या रुग्णालयात नर्सिंग स्टाफच्या प्रशिक्षणाचं काम बघते. पुढच्या साथीची तयारी म्हणून व्यवस्थापनाने थोडे पैसे बाजूला काढलेत आणि व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आभासी जग दाखवणारा पडदा) घ्यायचा प्रस्ताव आलाय. कंपनीच्या माणसाने येऊन दाखवलंही. हेडसेट चढवला की समोर आयसीयूची खोली, खाटेवर धाप लागलेला रुग्ण, मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९१, ८८, ८४ असं घसरतंय. मी स्वतः करून बघितलं आणि खरंच छातीत धडधडलं.

तरी सही करायला हात धजत नाहीये. २०२० मध्ये मी हाडांच्या वॉर्डात होते. तिथून उचलून मला आयसीयूत पाठवलं. तयारी म्हणून दीड तासाचं ऑनलाइन लेक्चर. सत्तर जणी जोडलेल्या, सगळ्यांचे माइक बंद, स्लाइडवर व्हेंटिलेटरचा फोटो आणि बाण. दुसऱ्या दिवशी खाटेशेजारी जे यंत्र होतं ते त्या फोटोतलं नव्हतंच. रात्री अडीचच्या सुमाराला हाय प्रेशरचा अलार्म वाजायला लागला. मी आधी अलार्म गप्प करायचं बटण शोधलं आणि रुग्णाकडे नंतर पाहिलं. श्वासाच्या ट्यूबमध्ये कफ अडकला होता. शेजारच्या खाटेजवळची सिनियर सिस्टर आली, सक्शन करून कफ ओढून काढला, सॅच्युरेशन वर आलं. रुग्ण वाचला, पण ते बटण शोधण्यात गेलेले क्षण मला आजही खुपतात.

तर माझे प्रश्न असे. स्क्रीनवर शिकलेलं खाटेजवळ उपयोगी पडतं का? काय स्क्रीनवर शिकवावं आणि काय हातानेच करून घ्यावं? आणि साथ ऐन भरात असताना, चार माणसं एका खोलीत बसवायची चोरी असते तेव्हा, हे चालवायचं कसं? विक्रेत्यांनी दिलेले फायदे माझ्याकडे आहेत. मला ज्यांनी केलंय त्यांचं ऐकायचंय.

---

निळा_मास्क

आम्ही हेडसेट वापरले. चांगलं ते आधी सांगते: किट (संसर्गापासून वाचवणारा पोशाख) कुठल्या क्रमाने चढवायचं, खोलीत शिरण्याआधी काय तपासायचं, हे मुलींच्या डोक्यात पक्कं बसलं. चार-पाच वेळा केलं की तोंडपाठ.

त्रास दोन झाले. काही जणींना दहा मिनिटांत मळमळायला लागायचं, त्यांना पुढे नेणं शक्यच नव्हतं. आणि चष्मा असलेल्यांना हेडसेट नीट बसत नाही, कडेने उजेड येतो. बहुतेक सिनियर सिस्टर याच गटात होत्या, म्हणजे ज्यांच्याकडून इतरांनी शिकायचं त्याच बाहेर राहिल्या. घेणार असाल तर आधी तुमच्या स्टाफपैकी दहा जणींना, त्यात चष्मेवाल्या हव्यातच, सलग वीस मिनिटं लावून बघा. मग सही करा.

---

रात्रपाळी_आयसीयू

ताई, तुमच्या अलार्मच्या प्रसंगातच अर्धं उत्तर आहे. तुमचा हात चुकला नव्हता. सक्शन तुम्हाला वॉर्डातही येत असणार. चुकली ती नजर: आधी कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. आणि नेमकी ही गोष्ट स्क्रीनवर उत्तम शिकवता येते, तीही हेडसेटशिवाय.

मी तेव्हा आयसीयूची इनचार्ज होते. बालरोग, डोळे, बाह्यरुग्ण, जिथून मिळतील तिथून मुली येत होत्या. आमच्याकडे होतं काय, तर एक लॅपटॉप, व्हिडिओ कॉल आणि एक भूलतज्ज्ञ डॉक्टर जे स्वतः विलगीकरणात घरी बसले होते. ते घरून आकडे बदलायचे. स्क्रीनवर फक्त मॉनिटर आणि व्हेंटिलेटरचा पडदा दिसायचा. चारच जणी एका वेळी, माइक सगळ्यांचे चालू. एकीने रुग्ण सांभाळायचा, म्हणजे जे करणार ते मोठ्याने बोलायचं: "मी रुग्णाजवळ गेले. छाती दोन्ही बाजूंनी हलतेय का बघतेय." डॉक्टर उत्तर द्यायचे: "डावी हलतेय, उजवी नाही."

पहिल्या दिवशी अलार्म लावला आणि समोरची मुलगी गप्प झाली. मी घड्याळ बघत होते. चाळीस सेकंद. मॉनिटरवर सॅच्युरेशन उतरतंय आणि तिच्या तोंडून शब्द नाही. आम्ही कुणी मध्ये बोललो नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, मला सुचत नाहीये, मी कुणाला बोलावू?" आणि मी म्हटलं, हेच. हेच पहिलं वाक्य. "मदत पाठवा, खाट नंबर सात." त्यानंतर चार प्रश्न, नेहमी याच क्रमाने: नळी सरकली का, नळी तुंबली का, फुप्फुसाबाहेर हवा भरली का, यंत्रात बिघाड आहे का. आणि काहीच कळेना, सॅच्युरेशन पडतच चाललंय, तर यंत्र बाजूला करून अंबू बॅगने, म्हणजे दाबायच्या पिशवीने, हाताने श्वास द्यायचा. तिसऱ्या फेरीला तीच मुलगी पंधरा सेकंदांत सक्शनपर्यंत पोचली. लेक्चरमध्ये हे चार प्रश्न मी आधी सांगितलेच होते, तिने वहीत लिहूनही घेतले होते. वहीतलं तोंडात यायला तिला ती चाळीस सेकंदांची शांतता सोसावी लागली, आणि ती कुठल्या रुग्णाच्या अंगावर न जाता सोसता आली, एवढ्यासाठी मी या पद्धतीच्या बाजूने उभी आहे.

एक मात्र कटाक्षाने पाळा. दहा मिनिटांचा प्रसंग असेल तर वीस मिनिटं त्यावर बोलण्यासाठी ठेवा. "काय चुकलं" असं कधीच विचारू नका. "त्या क्षणी तुला काय दिसत होतं?" असं विचारा. उत्तरं ऐकून थक्क व्हाल. एक मुलगी म्हणाली, मला वाटलं ९०च्या वर असेपर्यंत डॉक्टरांना उठवायचं नसतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या वॉर्डात तसा धाक होता. स्क्रीनवरचा प्रसंग झाला नसता तर ते आम्हाला कळलं नसतं. वेळ कमी पडला की सगळे आधी हीच चर्चा छाटतात. त्यापेक्षा एक प्रसंग कमी करा.

आता हाताने काय करायचं. किट उतरवणं. यात मी कुणाचं ऐकणार नाही. चढवण्याचा क्रम स्क्रीनवर येतो, मान्य. उतरवणं येत नाही. आठ तासांनी घामाने हातमोजा कातडीला चिकटलेला असतो, गॉगलला आतून वाफ धरलेली असते, नाक खाजत असतं आणि कधी एकदा पाणी पितो असं झालेलं असतं. यातलं काहीही हेडसेटमध्ये नाही. आम्ही अतिनील प्रकाशात चमकणारी पावडर आणली. किटवर पुढून लावायची, मग रोजच्यासारखं किट उतरवायचं, आणि अंधार करून तो दिवा अंगावर फिरवायचा. माझ्या अनुभवी सिस्टरच्या उजव्या कानाखाली बोटभर रुंद पट्टा चमकला. हूडची गाठ सोडताना बोट तिथे लागलं होतं. ती एकदम गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मी रोज घरी जाऊन बाळाला याच बाजूला घेते." त्या दिवसापासून तिला परत कधी सांगावं लागलं नाही.

हे काही नवीन शहाणपण नाही. २००३ च्या सार्समध्ये जगभरच्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे दर पाचात एक. २०१४ मध्ये अमेरिकेत इबोलाच्या एका रुग्णाची सेवा करताना दोन नर्सना लागण झाली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने नियम बदलले: प्रत्यक्ष सराव करून हात बसल्याशिवाय रुग्णाजवळ जायचं नाही, त्वचा कुठेही उघडी राहता कामा नये, आणि चढवताना-उतरवताना एक प्रशिक्षित माणूस समोर उभा राहून प्रत्येक पायरी वाचून दाखवणार. हा "समोर उभा राहणारा माणूस" तयार करायला मात्र स्क्रीन चांगली. त्याचं काम डोळ्यांचं आहे. उतरवतानाचे व्हिडिओ दाखवायचे आणि चूक दिसली की थांबव म्हणायचं. आम्ही यासाठी बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या आणि ज्यांना आजारपणामुळे आत पाठवता येत नव्हतं अशा सिस्टर तयार केल्या. त्या काचेबाहेरून किती जणींना सांभाळत होत्या!

रुग्णाला पालथं करणं हे अर्धं-अर्धं. २०१३ च्या मुख्यतः फ्रान्समधल्या चाचणीत, गंभीर फुप्फुसविकाराच्या ४६६ रुग्णांत, रोज किमान सोळा तास पालथं ठेवलेल्यांचा २८ दिवसांतला मृत्युदर १६ टक्के होता, इतरांचा ३२.८. म्हणजे हे काम जमलंच पाहिजे. पण पाच जणींनी एकत्र करायचं काम आहे, आणि डोक्याशी जी उभी असेल तिने ट्यूब धरायची आणि तिनेच आकडे मोजायचे. क्रम व्हिडिओवर शिकवा: कुठली लाइन कुठल्या बाजूला घ्यायची, ईसीजीच्या पट्ट्या पाठीवर कधी लावायच्या, ट्यूब ओठाशी किती आकड्यावर आहे ते आधी आणि नंतर वाचायचं. मग पुतळा घेऊन तीनदा तरी करा. आमच्या पहिल्या सरावात सगळं बरोबर झालं आणि लघवीची पिशवी खाटेच्या पलीकडे अडकून राहिली. पुतळा होता म्हणून निभावलं.

---

भूल_देणारा

वरच्या सिस्टरशी सहमत. स्क्रीन कशासाठी, याचं डॉक्टरांच्या बाजूचं एक उदाहरण देतो.

दुसऱ्या विभागातले आमचे सहकारी मदतीला आले तेव्हा व्हेंटिलेटरवर एका श्वासाला किती हवा द्यायची हे ते रुग्णाच्या वजनावरून ठरवायचे. साहजिक आहे, औषधं वजनावर देतो. पण फुप्फुस वजनाने वाढत नाही, ते उंचीवर ठरतं. १६० सेंटिमीटर उंचीची, ८० किलो वजनाची बाई घ्या. सूत्र असं: ४५.५ अधिक ०.९१ गुणिले उंचीतून १५२.४ वजा. येतात साधारण ५२ किलो. किलोमागे ६ मिलिलिटर धरले तर ३१५ च्या आसपास. प्रत्यक्ष वजन धरलं तर ४८०. दीडपट हवा, तीही सुजलेल्या फुप्फुसात. २००० सालच्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात ६ मिलिलिटरच्या गटातला मृत्युदर ३१ टक्के होता आणि १२ च्या गटातला ३९.८, यावरूनच ही पद्धत रुजली.

लेक्चरमध्ये हे सांगितलं की सगळे मान डोलावतात. स्क्रीनवरच्या व्हेंटिलेटरमध्ये त्यांनी स्वतः ४८० टाकलं, प्लॅटो प्रेशर (श्वास आत थांबवल्यावर फुप्फुसातला दाब) ३०च्या वर चढताना पाहिलं, आणि मग ३१५ वर आणून उतरताना पाहिलं, की ते विसरत नाहीत. खऱ्या माणसावर हे "करून बघ" म्हणता येत नाही.

आणखी एक, माझ्या मनात नेहमी असतं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून रबरी पिशवीने हाताने श्वास द्यायचा मार्ग दाखवला. पिशवी दाबायला माणसं कुठून आणणार? सुमारे १,५०० वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून बसले. त्यांना अख्खं भूलशास्त्र कुणी शिकवलं नाही. एक पिशवी, एक लय, आणि रुग्णाचा रंग बदलला तर कुणाला हाक मारायची. साथीत नव्या माणसाला इतकंच अरुंद काम द्या आणि तेवढंच पक्कं शिकवा. २०२० मध्ये आम्ही उलट केलं, सगळ्यांना सगळं थोडं थोडं शिकवलं.

---

यंत्रदुरुस्ती_विभाग

मी बायोमेडिकलचा माणूस आहे, खरेदीच्या समितीवरही असतो. विक्रेत्याला हे विचाराच: प्रसंग आम्हाला स्वतः बदलता येतात का, की दर वेळी तुमच्याकडे यायचं?

साथीत सूचना आठवड्याला बदलतात. कुठल्या कामाला कुठला मास्क, किट किती वेळ वापरायचं, २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत हे किती वेळा बदललं आठवा. सॉफ्टवेअरमध्ये जुना क्रम गोठलेला असेल तर तुम्ही चुकीची गोष्ट फार चांगल्या प्रकारे शिकवाल, आणि चांगलं शिकलेलं पुसणं फार अवघड. लॅपटॉपवरचा साधा प्रसंग तुमच्या सिस्टर रात्रीत बदलू शकतात.

दुसरं, पडद्यावरचं व्हेंटिलेटर तुमच्याकडच्याच मॉडेलचं आहे का बघा. तुम्हाला तोच फटका बसला होता. बऱ्याच उत्पादकांनी आपल्या यंत्राचा सराव-पडदा संगणकावर चालेल असा करून ठेवलेला असतो, यंत्र विकणाऱ्याकडेच मागा.

हेडसेटच्या स्वच्छतेचं: तो चेहऱ्याला लागतो, श्वास त्याच्यावर पडतो, आणि साथ असते श्वासाची. फोमची गादी पुसून साफ होत नाही, सिलिकॉनचं आवरण घ्या, प्रत्येकीसाठी वेगळं. भिंगांवर अल्कोहोल मारू नका, त्यांचा लेप जातो. आणि दोन पाळ्यांच्या मध्ये पुसायला, वाळायला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा, तो कुणीच धरत नाही.

---

शिकवणारी_सिस्टर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, कानाखालच्या पट्ट्याचं वाचून मी थोडा वेळ पुढे वाचूच शकले नाही.

हेडसेटचा प्रस्ताव मी परत पाठवतेय, नाही म्हणून नव्हे, दोनच घेऊन आधी दहा जणींवर बघू म्हणून. उरलेल्या पैशांतून चमकणारी पावडर, दिवा आणि एक पालथा करता येईल असा वजनदार पुतळा. चार-चारच्या गटांना व्हिडिओ कॉलवर प्रसंग, आणि आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम आकडे बदलायला तयार आहेत, विचारून झालं.

एकच अडतंय. सफाईवाले मामा आणि कक्षातल्या मावशी. त्यांना लॅपटॉपसमोर बसवून काय शिकवू? यादीत त्यांची नावंच नाहीत. २०२० मध्येही नव्हती, आणि उतरवलेल्या किटच्या पिशव्या बांधत होते तेच.

---

रात्रपाळी_आयसीयू

नावं आधी यादीत घाला. बाकीचं नंतर.

त्यांना आम्ही स्क्रीनवर बसवलं नाही, जागेवर नेलं. खरा वॉर्ड, रिकामी खाट, खरा दरवाजा, खरी पिवळी पिशवी. पिशवी पाऊण भरली की बांधायची, दाबून हवा काढायची नाही, बाहेरून धरायची, हे मामांनी तीनदा करून दाखवलं. आणि त्यांनीच आम्हाला दोन गोष्टी दाखवल्या ज्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निघाल्या नसत्या. एक, किट उतरवायच्या जागेतली कचरापेटी दाराच्या मागे होती, म्हणजे दार उघडलं की पेटी झाकली जायची आणि सगळ्या जणी मळका गाऊन हातात घेऊन थांबायच्या. दोन, पायाने उघडायच्या पेटीचं पेडल तुटलेलं होतं आणि लोक झाकण हाताने उचलत होते. मामा म्हणाले, "सिस्टर, हे दोन महिने असंच आहे, कुणी विचारलं नाही."

म्हणून जागेवरचा सराव प्रत्येक नव्या वॉर्डात एकदा कराच, वॉर्ड उघडण्याच्या आधी. इंट्युबेशनचा, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रसंग घ्या. आतली व्यक्ती औषध मागेल, बाहेरची आणून देईल, एवढंच. आमच्याकडे हूडमधून फोनची रिंगच ऐकू येत नव्हती. मग काचेवर मार्करने लिहायचं ठरलं, आतून उलटं दिसतं म्हणून आत एक पाटी ठेवली. हाक मारली की ऐकणाऱ्याने तेच शब्द परत उच्चारायचे, "ऐकलं" म्हणून चालत नाही. हा नियमही त्याच दिवशी पक्का झाला.

मावशींसाठी एक व्हिडिओ मात्र केला. आमच्याच एका मावशीने किट उतरवलं, दुसरीने बोलून सांगितलं, मी फोनवर चित्रण केलं. साडेचार मिनिटांचा आहे. दर सोमवारी पाळी बदलताना दाखवायचो, आणि कुणाचा हात एकदा तरी चुकल्याशिवाय राहायचा नाही, म्हणून सोमवार चुकवला नाही. तुमचा पुतळा आला की कळवा, पालथं करण्याच्या पाच जणींच्या जागांचा कागद माझ्याकडे आहे, पाठवते.